अप्पांची बरणी

तो माणूस पाऊण तास समोरच्या रसवंतीच्या आडोशाला उभा होता. माझ्या दुकानात दोन बायका होत्या. एकीला बाळाची पावडर हवी होती, दुसरी सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या नीट बघून घेत होती. दोघी गेल्या, तसा तो रस्ता ओलांडून आला. काउंटरशी येऊन त्याने आधी मागे पाहिलं, मग मुठीतली चिठ्ठी पुढे केली. घामाने ती भिजून लिबलिबीत झाली होती. मी ती दोन बोटांच्या टोकांनी उचलली आणि न उघडताच विचारलं, "काय पाहिजे?"

"त्यात लिवलंय."

"तोंडानं सांगा की. खोकल्याचं आहे का?"

"न्हाय... ते... शक्तीचं."

"कसल्या शक्तीचं? मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही."

तो पंचावन्न-साठचा असेल. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. मी म्हणालो, "डॉक्टरची चिठ्ठी लागते त्याला. डॉक्टरला विचारून या."

"डाक्टरला कसं इचारायचं हो सायेब असलं?"

"मग नका विचारू."

तो गेला. भिजलेली चिठ्ठी मी केराच्या डब्यात टाकली आणि हात धुतले. खरं सांगायचं तर चिठ्ठीशिवाय या गोळ्या मी कितीजणांना दिल्या होत्या. कुणाला द्यायच्या आणि कुणाला ताटकळत ठेवायचं, हे माझ्या लहरीवर होतं. ती माणसं आली की मला शिसारी यायची. त्यांचं ते कुजबुजणं, दुसरं गिऱ्हाईक आलं की उगाच खोकल्याच्या वड्या मागणं, ओठांवरून फिरणारी जीभ.

अप्पा माझ्या मागे स्टुलावर बसून पेपर वाचत होते. मी त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साठी आली तरी ह्यांची हौस फिटत नाही. घाण नुसती."

पेपर हलला नाही. "त्याला काय दुखणं असंल तर?" अप्पांनी विचारलं.

"दुखणं कसलं अप्पा, खाज आहे."

अप्पांनी पेपरची घडी घातली. "ऊन वाढलं. जातो घरी," म्हणाले, आणि चपला सरकवून निघून गेले.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. बार्शीत माझं औषधाचं दुकान नुकतं जम धरत होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील विश्वनाथ गवसाने, बत्तीस वर्षं एसटी चालवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. रुंद छातीचा, कमी बोलणारा माणूस. मला डी. फार्म.पर्यंत शिकवलं ते त्यांनीच. दुपारी मी जेवायला जायचो तेव्हा ते दुकानात बसायचे. औषधातलं त्यांना काही कळत नसे, पण गिऱ्हाइकाला "बसा, पोरगं येईलच," असं म्हणून पाणी द्यायचे. लोकांना माझ्यापेक्षा तेच आवडत.

त्या पावसाळ्यात अप्पा दर गुरुवारी सोलापूरला जायला लागले. पेन्शनचं काहीतरी अडलंय, एवढंच सांगत. मी कधी खोलात गेलो नाही.

एका सकाळी मला स्कूटरच्या विम्याचा कागद सापडेना. अप्पांच्या बॅगेत असेल म्हणून मी त्यांची जुनी रेक्झिनची बॅग उघडली. अप्पा आंघोळीला गेले होते. बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली एक प्लॅस्टिकची बरणी होती. बरणीवर उधळलेल्या घोड्याचं चित्र आणि खाली लिहिलेलं, 'शंभर टक्के वनौषधी'. मी झाकण काढलं. जळक्या गुळासारखा आणि हिंगासारखा वास एकदम नाकात गेला. आत काळं, चिकट चूर्ण होतं. उजेडात धरलं तर त्यात निळसर कण दिसत होते. हे काय असतं ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. असल्या चूर्णात झाडपाला नावाला असतो, जोर असतो तो कुटून मिसळलेल्या त्याच निळ्या गोळ्यांचा, ज्या मी दुकानात विकत होतो. फक्त किती मिसळल्यात ते कुणालाच माहीत नसतं.

बरणीखाली घडी केलेला छापील कागद होता. वर मोठ्या अक्षरांत, 'पुरुषांच्या मनातील प्रश्न, वैद्यराजांची उत्तरे'. लहानपणीच्या हस्तदोषामुळे नस ढिली पडते का? होय. झोपेत वीर्य गेल्याने पाठीचा कणा पोकळ होतो का? होय. अवयव लहान आणि वाकडा होतो का? होय, वेळीच उपचार न केल्यास. पत्नी दुसरीकडे मन लावू शकते का? होय. पानभर प्रश्न आणि प्रत्येकाला तेच उत्तर. शेवटी सोलापूरच्या एका लॉजचा पत्ता आणि खोली नंबर.

मागच्या बाजूला रुग्णाने भरायचा तक्ता होता. तो अप्पांनी भरला होता. गाडीच्या नोंदवहीत वर्षानुवर्षं लिहिलेलं त्यांचं ते उभट, सुटं अक्षर. 'तक्रार किती दिवसांपासून?' दीड वर्ष. 'लहानपणी चूक केली आहे का?' होय, थोडी. 'ताठरता येते का?' येते, पण राहत नाही. 'पत्नीचे सहकार्य?' आहे. ती बिचारी काही बोलत नाही.

मला पुढचं वाचायचं नव्हतं, तरी डोळे खाली गेले. अगदी तळाशी, छापील प्रश्न संपल्यावर उरलेल्या जागेत, अप्पांनी आपल्या मनाने एक ओळ लिहिली होती. 'जिना चढताना छाती भरून येते. याचा काही संबंध आहे का?' वैद्यराजाने तिच्यावरूनच लाल शाईने रेघ ओढून लिहिलं होतं, 'स्पेशल कोर्स, तीन महिने.'

मी कागद होता तसा घडी केला, बरणी टॉवेलात गुंडाळली आणि मागच्या नळावर जाऊन साबणाने तीनदा हात धुतले. आईचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता आणि मी तो ढकलत होतो. आपल्या आईबापांचं असं काही असतं, हे ज्याला त्याला ठाऊक असतं, पण ते कुणी असं लिहून हातात देत नाही.

त्या दिवसापासून मला घरात अप्पांशेजारी बसवेना. ते चटणी घ्यायला हात पुढे करायचे, तर त्या बोटांकडे बघून माझा घास अडकायचा. त्यांनी पाणी प्यालेलं फुलपात्र मी बाजूला सारायचो. त्यांच्या खोलीची कडी वाजली की अंगावर काटा यायचा. माझी मुलगी रेवा तेव्हा चार वर्षांची होती. एका संध्याकाळी ती आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या मिशा ओढत होती. मी तिचा दंड धरून तिला उचललं. ती रडली. माझी बायको गिरिजा म्हणाली, "अहो, असं काय करता?" मी म्हणालो, "अंक गिरवायचेत तिला." अप्पा मांडीवरचा सदरा नीट करत बसून राहिले.

चार-पाच दिवसांनी ते दुपारी दुकानात आले. दुकानात कुणी नव्हतं. एरवी ते फळी उचलून सरळ आत येत. त्या दिवशी गिऱ्हाइकासारखे बाहेरच उभे राहिले. दोन्ही हात काचेवर ठेवले.

"शिवा, एक इचारायचं हुतं. औषधाचं."

मी बिलाच्या कागदांत बघत म्हणालो, "तसलं काही माझ्या दुकानात मिळत नाही."

मी मान वर केली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"बॅग बघितलीस व्हय?"

"रेवा खेळते तुमच्या मांडीवर," मी म्हणालो. "तेवढं तरी ध्यानात ठेवत जा."

अप्पांनी काचेवरचे हात काढले. काचेवर पंजांचे ओले ठसे राहिले. "बरं," ते म्हणाले आणि उन्हातून चालत गेले. मी फडकं घेऊन काच पुसली.

त्यानंतर ते दुकानात बसायला आले नाहीत. सोलापूरला मात्र गेले.

मग तो रविवार आला. सकाळचे दहा वाजले असतील. अप्पा अंगणात स्कूटर धूत होते. बादली पडल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आलो, तर ते भिंतीला टेकून खाली बसले होते. सदरा घामाने चिंब, एक हात छातीवर. "काय न्हाय, काय न्हाय," म्हणत होते, पण ओठ निळे पडले होते. शेजारच्या नागेश बारबोल्यांनी जीप काढली. त्यांनी आणि त्यांच्या भावाने अप्पांना उचलून आत ठेवलं. आई उंबऱ्याशी उभी होती. मी म्हणालो, "आई, बस लवकर." ती म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. म्या आलेच रिक्षानं." आणि घरात वळली. मला तिचा राग आला. ह्या वेळी हिला लुगडं बदलायचं सुचतंय, असं वाटलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, टाकसाळे नावाची. नुकतीच रुजू झाली होती, माझ्या दुकानात तिच्या चिठ्ठ्या येत. तिने अप्पांना पलंगावर घेतलं, छातीला वायरी लावल्या. कागदाची पट्टी बघत तिने विचारलं, "बाबा, कुठल्या गोळ्या चालू आहेत? बीपीच्या, शुगरच्या? आयुर्वेदिक, गावठी, काहीही असू द्या. सांगा."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. "शिवा..."

पलंगाच्या पायथ्याशी बारबोले उभे होते, त्यांचा भाऊ होता. एक नर्स होती. डॉक्टरीण माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान होती, आणि उद्या तिची चिठ्ठी घेऊन कुणीतरी माझ्याच दुकानात येणार होतं. मी म्हणालो, "काही नाही मॅडम. त्यांचं कधी डोकंसुद्धा दुखत नाही."

अप्पांनी डोळे मिटले.

नर्सने ट्रेमधून एक पट्टी उचलली आणि गोळी काढली. "जीभ वर करा बाबा."

ती गोळी कसली, हे मला दुरूनही दिसलं. रोज विकत होतो. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या जिभेखाली ती ठेवतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, आराम वाटतो. आणि ज्याने ती दुसरी, ताकदीची गोळी घेतली असेल, त्याला ती कधीही द्यायची नसते, कारण दोन्ही मिळून रक्तदाब तळाला जातो. हे शिकायला मोठा डॉक्टर व्हावं लागत नाही. मला ते पाठ होतं. बरणीतले निळे कण मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

नर्सने गोळी ठेवली तरी माझ्याकडे वेळ होता. ती विरघळायला वेळ लागतो. मी "थुंका अप्पा" एवढं म्हणालो असतो तरी पुरे होतं. मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होतो. पोलिओ, गोवर, सगळं वाचलं.

पाच मिनिटांनी अप्पांची मान कलंडली. नर्स ओरडली, "मॅडम, बीपी लागत नाही!" डॉक्टरीण धावली. "पाय वर घ्या. डोकं खाली. सलाईन पूर्ण सोडा. काय झालं एकदम? इतका कसा खाली आला?" अप्पांचा चेहरा मेणासारखा पिवळा पडला होता, तोंड उघडं होतं, त्यातून लाळ गालावर आली होती. ती मला अजून दिसते. तिची मला तेव्हाही किळस आली, आणि ती आली याची किळस आजही येते.

तेवढ्यात आई आत आली. लुगडं तेच होतं, कामाचं, ओलं. तिने पदराखालून बरणी काढली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली.

"हे घेत्यात ते," आई म्हणाली. "दर गुरवारी सोलापुरास्नं आणत्यात. आज सकाळीबी घेतलंय."

"कशासाठी घेतात आजी?"

आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला, पण आवाज खाली आणला नाही. "नवरा-बायकोसाठी. दीड वरीस झालं, त्यांचं अंग साथ देत न्हवतं. दवाखान्यात चला म्हणलं तर लाजत हुते. म्या तरी किती सांगणार? त्यास्नी वाचवा बाई तुमी."

सगळी खोली ऐकत होती. कुणी हसलं नाही. बारबोल्यांनी डोळे पुसले.

डॉक्टरीणबाईंनी बरणी उघडून वास घेतला, चिमूटभर चूर्ण कागदावर पसरून पाहिलं, आणि नर्सला म्हणाल्या, "तोंडातली गोळी उरली असेल तर काढा. ह्यांना ती परत कुणीही द्यायची नाही. केसपेपरवर लाल अक्षरात लिहा." मग सलाईनची दुसरी बाटली लागली, आणखी कसलंसं औषध लागलं. तासाभराने अप्पांनी डोळे उघडून पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना सोलापूरला हलवायचं ठरलं. हृदयाच्या नळ्यांत अडथळा असावा, असं पट्टीवरून दिसत होतं. निघण्याआधी डॉक्टर टाकसाळे पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या. आई पलंगाच्या कडेला होती, मी दाराशी.

"हे घरात आणखी कुणालाच माहीत नव्हतं?" त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर स्वतः केमिस्ट आहात."

मी तोंड उघडण्याआधी अप्पा बोलले. "त्याला काय ठावं? म्या लपवून घेत हुतो."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. आणि मी, दाराची चौकट धरून, गप्प राहिलो. काल गप्प राहिलो होतो ते भीतीने आणि लाजेने. आजचं गप्प राहणं त्याहून घाण होतं, कारण आज विचार करायला भरपूर वेळ होता.

"बाबा, एक लक्षात घ्या," त्या म्हणाल्या, "ही तक्रार म्हणजे पाप नाही, की म्हातारचळ नाही. तिथल्या नळ्या हृदयाच्या नळ्यांपेक्षा बारीक. आत चरबी साचायला लागली की बऱ्याचदा आधी तिथं कळतं, मग दोन-चार वर्षांनी छातीत. शरीर सांगत होतं तुम्हाला. तेव्हाच कुणाला विचारलं असतं तर इथवर आलं नसतं."

"इचारलं हुतं," अप्पा म्हणाले. "लिवूनबी दिलं हुतं."

"कुणाला?"

अप्पांनी छताकडे पाहिलं. "हाय एक."

मला ती तळाची ओळ आठवली. लाल रेघेखालूनही स्पष्ट वाचता येत होती. मी ती वाचली होती आणि मला फक्त वरच्या ओळींची घाण वाटली होती. लॉजमधल्या त्या वैद्यराजाला औषधातलं कळत नव्हतं. मला कळत होतं.

थोड्या वेळाने अप्पांनी घसा साफ केला. "मॅडम, ते ल्हानपणीच्या चुकीनं झालं नसंल ना?"

"अजिबात नाही. त्याने काही होत नाही. सगळेच करतात."

"आन् कणा पोकळ हुतो म्हणत्यात?"

"कोण म्हणतं? बत्तीस वर्षं एसटी चालवलीत ना त्याच कण्यावर?"

अप्पांच्या मिशा हलल्या. त्यांनी आईकडे पाहिलं, परत डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मी तिथं असून नसल्यासारखा झालो होतो. "मग आता म्होरं आमचं समदं बंदच म्हणायचं का?"

"बंद कशाला? उपचार होऊ द्या. दोन मजले न दमता, न दुखता चढायला लागलात की मला येऊन सांगा. आणि गोळी घ्यावीशी वाटली तर आधी मला विचारायचं. मला. त्या सोलापूरच्या चूर्णवाल्याला नाही."

आईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती.

सोलापूरला अप्पांच्या हृदयाच्या जवळजवळ बंद झालेल्या दोन नळ्यांत स्प्रिंगा बसवल्या. ते घरी आले. मी एकदा त्या लॉजवर जाऊन आलो, मारामारी करायच्या तयारीने. वैद्यराज खोली सोडून गेला होता. जिन्यात चार-पाच माणसं बसली होती, एकमेकांकडे न बघता. त्यातल्या एकाने मला विचारलं, "वैद्यराज परत कधी येणार?" मी त्यांना खरं काय ते सांगितलं. चूर्णात काय असतं ते सांगितलं, चांगल्या डॉक्टरकडे जा म्हणालो. ते ऐकून घेत राहिले आणि मी गप्प झाल्यावर एकेक करून उठून गेले. मी तक्रारही लिहून दिली. तिचं पुढे काही झालं नाही.

अप्पा आणखी अकरा वर्षं जगले. त्या बरणीबद्दल ते माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत, आणि मीही नाही. दुकानात मात्र पुन्हा कधी बसले नाहीत. मी दोनदा म्हणालो. "आता कटाळा येतो," म्हणाले.

ते गेल्यावर महिन्याभराने, एका दुपारी, आई शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसून सोलायला लागलो.

"शिवा," आई मान वर न करता म्हणाली, "तुला ठावं हुतं न्हवं?"

मी पुढची शेंग उचलली.

"म्या ती बरणी टेबलावर ठिवली, तवा समदे बरणीकडं बघाय लागले. काय हाय म्हणून. डाक्टरीण, बारबोले, ती नर्स." तिने दाणे सुपात टाकले. "तू येकटा बघितला न्हाईस."

"आई..."

"ऱ्हाऊ दे. त्यांनी शप्पत घातली हुती, पोराला कधी बोलायचं न्हाई म्हणून. म्हणाले, आपुन बोललो तर त्यो मनातनं मरंल." तिने सूप माझ्याकडे सरकवलं. "अकरा वर्सं मला आमच्या खोलीत तुझ्याबद्दल येकच गोष्ट सांगायचे. पोरगं हुशार हाय, पर त्याला माणसाची घाण वाटती."